सातचं भाडं

खुर्चीत तुम्ही नीट टेकायच्या आत त्याचा डावा हात टेबलाच्या कोपऱ्याकडं जायचा. तिथं रिक्षाचा एक जुना मीटर ठेवलेला असायचा. लोखंडी, रंग उडालेला, चावी देऊन चालणारा. त्याची दांडी तो झटक्यात खाली ओढायचा. टण्ण! मग दोन्ही हात की-बोर्डवर ठेवून अगदी गरीब चेहऱ्यानं विचारायचा, "बोला पावणं, काय करायचं?"

नवं गिऱ्हाईक दचकायचं.

"ह्ये काय लावलंयस?"

"मीटर."

"कशाचा?"

"माझा. तुमी बोला की. पडाय लागलाय त्यो."

आणि खरोखरच आतून टिकटिक सुरू झालेली असायची. रिक्षा नुसती उभी असली तरी वेटिंगचे पैसे पडतात, तसा हा मीटर टेबलावर बसल्या जागी पडायचा.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत त्याचं फ्लेक्सचं दुकान. कोल्हापूरकराला फ्लेक्स म्हणजे काय ते सांगायला नको, पण तुमच्यात कुणी बाहेरचं असेल तर सांगतो. आमच्याकडं कुणाचा वाढदिवस असो, कुणाची कुठल्या तरी कमिटीवर निवड होवो, नाहीतर कुणाच्या म्हशीनं शर्यत मारो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट घडली असं कुणी मानत नाही. मधोमध उत्सवमूर्ती, हात जोडून किंवा गॉगल लावून, बहुतेक वेळा दोन्ही. वरच्या कोपऱ्यात आशीर्वाद देणारी वडीलधारी मंडळी. आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी, रांगेनं.

ही मुंडकी रांगेत बसवणं हा त्याचा धंदा. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक मुंडक्याचा मालक त्याच्या खुर्चीमागं उभा असतो आणि आपलं मुंडकं शेजारच्यापेक्षा लहान दिसतंय असं त्याचं ठाम मत असतं.

मी विमा एजंट. माझा धंदाच मुळी दुसऱ्यांच्या दुकानात बसून चालतो. सकाळचा पेपर याच्याकडं, दुपारची डुलकी समोरच्या कापडवाल्याकडं, अशी माझी वर्षानुवर्षांची वाटणी आहे. तेव्हा पुढं जे सांगतो ते खुर्चीत बसून पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

पूर्वी मीटर नव्हता. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर, आणि तो दर म्हणजे कापडाचा आणि छपाईचा. डिझाईन करायचे पैसे मागितले की माणसं मनापासून आश्चर्य करायची. "त्यात काय हाय? दोन मिंटाचं काम." हे दोन मिनिटांचं काम दुपारी सुरू व्हायचं. "भावा, जरा फोटो वर घे. जरा खाली. आता जरा मोठा कर. न्हाय, पयला होता तसाच बरा होता." दिवेलागण व्हायची, तरी भाऊंचा फोटो अजून वर-खाली होत असायचा.

एकदा असंच झालं. एक मंडळ सकाळपासून ठाण मांडून बसलं होतं. फ्लेक्स बांधायला यायचा तो बांबूवाला मधे येऊन गेला, दुसऱ्या चौकात दोन फ्लेक्स बांधून परत आला, पैसे मोजून खिशात टाकले, वर माझ्याशी तंबाखूची देवाणघेवाण करून पुन्हा गेला. इकडं हा अजून तिसऱ्या रांगेतल्या मुंडक्यांवरच होता.

मंडळ गेल्यावर त्यानं खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाला, "काका, त्येला चढायचं पैसं मिळत्यात. मला बसायचं मिळत न्हाईत."

"अरे, तो जिवावर उदार होऊन चढतो."

"आन मी काय हितं हवा खायला बसतोय?"

मग त्यानं मोबाईलवर हिशेब मांडला. महिन्याकाठी काय येतं, त्यातून कापड, शाई, भाडं, लाईट काय जातं, आणि उरलेल्याला दुकानात घालवलेल्या तासांनी भागलं की एका तासाला काय पडतं. आकडा आला. त्यानं तो मला दाखवला नाही. नुसता उठला आणि डोक्यावरचा पंखा बंद केला. "परवडत न्हाय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पेपर वाचायला गेलो तर टेबलावर मीटर.

तो त्याच्या वडिलांच्या रिक्षाचा. वडिलांनी उभी हयात कोल्हापुरात रिक्षा चालवली. नवे इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा हा जुना काढून घरी ठेवला, आणि पुढं रिक्षाही विकली. मीटर तसा कोरा करकरीतच होता म्हणे, आतून. "आमच्या बाचा नेम हुता, काका," तो दांडी पुसत म्हणाला, "वळखीच्या मानसाला मीटर टाकायचा न्हाय. आन गावात बिनवळखीचं हाय कोण? आत बसला की इचारायचा, कुठलं तुमी? चौक पार करायच्या आत पावण्यातला निघायचा. मग दील ते घ्यायचं. कवाकवा त्येबी न्हाय. ह्यो मीटर उभ्या जन्मात दमलाच न्हाय बघा. आता जरा दमंल."

भिंतीवर त्यानं एक छोटा फ्लेक्स लावला. झालर वगैरे लावून, वाढदिवसाच्या थाटात. 'विचार करायला घरी बसावे. इथे बसून केल्यास मीटर पडेल.' खाली मीटरच्या आकड्याला किती पटींनी गुणायचं त्याचा तक्ता, भाडेवाढ झाली की रिक्षावाले जवळ ठेवायचे तसला.

पहिला बळी मी. चहाचा कप तोंडाला लावतोय तोच टण्ण.

"अरे, मी काय गिऱ्हाईक आहे?"

"त्येच म्हंतोय मी. गिऱ्हाईक असतासा तर मला कायतरी सुटलं असतं."

मला राग आला. म्हणजे चांगलाच आला. दोन दिवस मी त्याच्या दुकानावरून मान वळवून गेलो. तिसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडंच वळले, कारण पेपर दुसरीकडं वाचता येतो, पण त्याच्याकडं पेपरापेक्षा जास्त बातम्या असतात. त्यानं माझ्याकडून एक रुपयाही कधी घेतला नाही हे सांगायला हवं. पण टिकटिक ऐकत विमा समजावून सांगणं म्हणजे काय हे मला विचारा. घसा खाकरण्यात, पाहुण्यारावळ्यांची चौकशी करण्यात आणि आयुष्याचा काय भरवसा म्हणण्यात माझा जो पाऊण तास जायचा, तो सगळा गळाला. दोन वाक्यांत पॉलिसी सांगायची सवय लागली आणि धंदा चक्क वाढला. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर वाटा मागेल.

बाकीच्यांनी तऱ्हेतऱ्हेनं मीटरशी जुळवून घेतलं. बचत गटाच्या बायका बाहेर रस्त्यावरच भांडून घ्यायच्या आणि मग एकच बाई कागद घेऊन आत यायची, धडाधड सांगायची, बाहेर पडायची. मंडळांच्या बैठका दुकानाच्या पायरीवर होऊ लागल्या. एका लग्नाच्या घरचे दोघे भाऊ मात्र आतच भांडले, आत्याचं नाव आधी की मामाचं यावर. हा मीटरकडं बघत चहा प्यायला.

"दोघांचंबी आदी घालू का?" त्यानं शेवटी विचारलं. "दोन फ्लेक्स हुतील."

एकाच कामाला तो मीटर टाकत नसे. कुणाच्या घरचं माणूस गेलं आणि मंडळी श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आली, की दांडीला हात लागायचा नाही. फोटो निवडायला ती माणसं वेळ लावायची. मोबाईलमधले फोटो एकेक करून बघायची, मधेच एखाद्या फोटोवर थांबून भलतंच काही आठवायची. हा शांत बसून राहायचा. "सावकाश हुं द्या," एवढंच म्हणायचा.

आणि दुसरा नेम म्हणजे सात वाजता दुकान बंद. संध्याकाळी सात म्हणजे फ्लेक्सवाल्याच्या धंद्याची खरी वेळ. पोरं कामावरून सुटतात, मंडळं जमतात. पण साताला हा मीटरची दांडी वर करायचा, कॉम्प्युटर बंद करायचा, शटर ओढायचा आणि मोटारसायकलवरून गडमुडशिंगीला घरी जायचा. कुणी आडवं आलं तर एकच उत्तर. "सातचं भाडं ठरल्यालं हाय."

कुणाचं भाडं, ते काही केल्या सांगायचा नाही. घरचं बोलायची त्याला सवयच नव्हती. आम्ही गल्लीतल्यांनी आपापले अंदाज बांधले. कापडवाला म्हणे, कुणी मोठी पार्टी आहे, पुण्याची, ऑनलाईन काम देते. मी म्हणे, सासऱ्याचा काहीतरी धंदा असणार. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात आणखीही काही येऊन गेलं होतं.

आता अध्यक्षांकडं येतो. हे आमच्या भागातल्या मंडळाचे अध्यक्ष. वय तिशीच्या पुढं, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि नावामागं 'भावी नगरसेवक' गेली कित्येक वर्षं. मीटर आला तेव्हा सगळ्यांत जास्त तेच भडकले.

"मला मीटर? आपली वळख किती वर्साची, भावा?"

"वळख हाय म्हणून तर च्या दिला. च्याचं कुठं पैसं लावलं?"

अध्यक्ष उठले आणि सगळ्या मंडळांची कामं घेऊन दुसरीकडं गेले. वाईट दिवस आले. दुकानात मी आणि मीटर दोघंच, आणि मीटरही उभ्या दांडीचा. मी त्याला समजावलं, की बाबा, एवढं ताणू नकोस, अध्यक्षांना तेवढं सोड. तो म्हणाला, "काका, एकाला सोडला की गाव सोडायला लागतंय. बानं त्येच केलं." पण बोलताना त्याचा चेहरा उतरला होता, आणि त्या महिन्यात त्यानं माझ्याकडून घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता थकवला.

त्याला वाचवलं अध्यक्षांच्या वाढदिवसानं. दुसऱ्या दुकानदारानं डिझाईन फुकट केलं, म्हणजे घाईघाईनं केलं. आदल्या दिवशीच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरच त्यानं अध्यक्षांचा फोटो चढवला आणि मजकूर बदलला. हार मात्र तसाच राहिला. सकाळी चौकात अध्यक्ष भलेमोठे, हसतमुख, गॉगल लावलेले, आणि फोटोला चंदनाचा हार. खालचा मजकूर वाचतो कोण? अध्यक्षांच्या घरी माणसं जमायला लागली. मामेभाऊ तर गाडी काढून निघाला होता आणि वाटेत त्याला खुद्द अध्यक्षांनीच फोन करून परत पाठवला.

दुपारी अध्यक्ष दुकानात आले आणि खुर्चीत बसले. यानं त्यांच्याकडं पाहिलं, मग मीटरकडं.

"टाक," अध्यक्ष म्हणाले.

टण्ण.

मग निवडणूक लागली. अध्यक्ष उभे राहिले आणि वॉर्डातलं सगळं काम याच्याकडं आलं. एका संध्याकाळी अध्यक्ष, त्यांचे सात-आठ कार्यकर्ते, मी, आणि उद्या सकाळी लागायलाच हवा असा मोठा फ्लेक्स. मुंडक्यांच्या रांगा हलत होत्या. साताचा सुमार झाला आणि यानं दांडी वर केली.

"ए, थांब की," अध्यक्ष म्हणाले.

"सात वाजलं. सकाळी लवकर येतो, पाचला येतो. करून देतो."

"सकाळी न्हाय. आत्ता. मीटर चालू ठेव. दुप्पट लाव."

"न्हाय."

"चौपट लाव! तुज्या तासाचं पैसं हाईत न्हवं? तूच शिकीवलंस गावाला. मग इकत घेतोय मी तुजा तास. बोल किती?"

मला वाटलं, आता हा अडकला. स्वतःच्या वेळेवर किमतीची चिठ्ठी लावली की कधीतरी ती किंमत घेऊन माणूस दारात उभा राहणारच. आणि त्याला पैशाची गरज नव्हती असं नाही, थकलेले हप्ते मला ठाऊक होते. त्यानं अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं होतं.

"अध्यक्ष," तो हळूच म्हणाला, "भाडं ठरल्यालं हाय. दुसरं पॅसेंजर घेता येत न्हाय." आणि शटरचा हूक हातात घेऊन आम्ही बाहेर पडायची वाट बघत उभा राहिला.

तो गेला आणि अध्यक्षांच्या डोक्यात प्रकाश पडला. पडला तो चुकीचा. "काका! सातला त्या दुसऱ्या पार्टीचं काम करतोय ह्यो! चौपटीवर लाथ मारली म्हंजे तिकडनं किती घेत आसंल? बसा गाडीवर!"

मी बसलो. माझ्या वयाच्या माणसानं बसू नये, पण कुतूहल मलाही होतं. उचगाव ओलांडून गडमुडशिंगीत शिरलो. अध्यक्षांनी गाडी लांब लावली, आणि आम्ही दोघे चोरासारखे त्याच्या दारापर्यंत गेलो. दार उघडंच होतं.

आत दिव्याच्या उजेडात कॉट होती. कॉटवर उशांना टेकवून बसवलेला एक म्हातारा. त्याचं एक अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं. समोर स्टुलावर आमचा डिझायनर, हातात ताटली, ताटलीत दुधात कुस्करलेली भाकरी. म्हाताऱ्यानं चांगला हात उचलला. हवेतच काहीतरी धरलं, आणि झटक्यात खाली ओढलं. "टण्," त्याच्या तोंडून वाकडातिकडा आवाज आला. मग त्यानं तोंड उघडलं.

हा एकेक घास भरवत दुकानातल्या गोष्टी सांगत होता. कोण आलं, कुणाचं मुंडकं कुठं गेलं, अध्यक्ष चौपट कसे म्हणाले. अध्यक्षांची नक्कल तर अशी केली की माझ्या शेजारी खुद्द अध्यक्षच हलले. म्हाताऱ्याचं पोट हसून हलत होतं, दूध हनुवटीवरून ओघळत होतं, आणि हा खांद्यावर पदरासारख्या टाकलेल्या टॉवेलनं ते पुसत होता.

त्याच्या बायकोनं आम्हाला पाहिलं होतं. तिला नवल वाटलं नाही, हळू आवाजात म्हणाली, "माज्या हातनं खाईत न्हाईत. ह्येंच्याच हातनं. रिक्षा हुती तवा पोरगं झोपल्यावर घरला यायचे, म्हंत्यात. आता वाट बघत्यात सातची. वाईच उशीर झाला की तोंड मिटून बसत्यात." आणि आम्हाला पाणी आणायला आत गेली.

घास संपले. यानं ताटली खाली ठेवली, खिशात हात घातला आणि रिक्षातून उतरलेल्या माणसासारखं विचारलं, "किती झालं, मामा?"

म्हाताऱ्यानं हात वर नेऊन हवेतली दांडी उचलली. आणि फार कष्टानं, एकेक शब्द गोळा करत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. वळखीचा हाईस."

हे रोजचं होतं, हे सांगायची गरज नव्हती. दोघेही ते पाठ असल्यासारखं बोलत होते. अध्यक्ष उंबऱ्यावर खाली बसले होते, पायातले बूट हातात घेऊन.

परतताना अध्यक्षांनी उचगावपर्यंत गाडी सुसाट मारली. मग गाडी हळू करून म्हणाले, "काका, माजा बा गावाकडं, आजऱ्याला असतोय. दर वर्साला फ्लेक्सवर घालतोय त्येला. आशीर्वादात." पुन्हा थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "फोटोबी जुनाच हाय."

सकाळी पाचला येऊन त्यानं फ्लेक्स करून दिला. मीटरप्रमाणं पैसे घेतले, चौपट नव्हे. निवडणुकीत अध्यक्ष पडले, पण त्याचं खापर त्यांनी फ्लेक्सवर फोडलं नाही, ही त्यांची थोरवी.

त्याचे वडील गेल्या साली गेले. त्यांचा फ्लेक्स त्यानं स्वतःच केला, सबंध दिवस घेऊन. एकच चेहरा, खाली शुभेच्छुक नाहीत की मुंडकी नाहीत. आम्ही सगळे पायरीवर बसून होतो आणि जरा वर घे, जरा खाली घे असं कुणीही म्हटलं नाही. कापडवाला तोंड उघडायला गेला तर अध्यक्षांनी त्याच्या मांडीवर हात दाबला.

मला वाटलं, आता सातचं बंधन सुटलं. आता हा रात्रीपर्यंत बसेल, पैसे मिळवील, हप्ते वेळेवर भरील. तसं झालं नाही. अजूनही तो साताला उठतो. एकच फरक पडलाय. जाताना आता तो दांडी वर करत नाही. मीटरला पुरती चावी देतो, दांडी खाली ओढतो आणि शटर लावून निघून जातो.

त्यानंतर मी कधीकधी त्याच्या पायरीवर बसतो. गल्लीतली वाहनं कमी झाली की शटरच्या आतली टिकटिक बाहेर ऐकू येते. रिकाम्या दुकानात, रिकाम्या खुर्चीसमोर मीटर पडत असतो.

सकाळी मी पेपरासाठी जातो तेव्हा चावी संपून तो थांबलेला असतो. हा खाली वाकून आकडा बघतो. रात्रभराचा आकडा, बराच झालेला असतो. मग दांडीवर हात ठेवतो आणि मला ऐकू जाणार नाही असं त्याला वाटतं एवढ्या आवाजात म्हणतो, "ऱ्हाऊ दे, बा. वळखीचा हाईस." आणि दांडी वर करतो.

मग तोंड फिरवून डोळे पुसतो, चावी देतो, चहा सांगतो. मी पेपर उचलतो, खुर्ची ओढतो, आणि टेकतोय न टेकतोय तोच, टण्ण.